आजही बारावाच दिवस

जबाबदारी वाटली की पातळ होते. म्हणून युद्धाची सगळी जबाबदारी एकट्या राष्ट्राध्यक्षांच्या खांद्यावर टाकण्याचा त्याग आमच्या प्रतिनिधिगृहाने केला आहे. घटनेप्रमाणे युद्ध पुकारण्याचा अधिकार गृहाचा. तो इतका मौल्यवान आहे, की गृह तो वापरून झिजवत नाही. (शेवटचा वापरला तेव्हा माझी आजी शाळेत होती.)

मी वॉशिंग्टनात, ओहायोचे प्रतिनिधी मा. वेंडेल क्रूपा यांच्या कचेरीत एकोणीस वर्षं फोन उचलतो. मार्चात राष्ट्राध्यक्षांनी एका देशावर बॉम्ब टाकायला घेतले आणि कायद्याप्रमाणे अठ्ठेचाळीस तासांत गृहाला पत्र पाठवलं. पत्रात युद्ध कुठेच नव्हतं, ‘मर्यादित कारवाई’ होती. (पहिल्या आठवड्याची मर्यादा : चारशे बारा बॉम्ब.)

एका आगाऊ सदस्याने सैन्य परत बोलावण्याचा ठराव मांडला. अशा ठरावावर पंधरा दिवसांत मतदान घ्यावंच लागतं. साहेबांची झोप उडाली. ‘हो’ म्हटलं तर भित्रे, ‘नाही’ म्हटलं तर खुनशी, आणि निवडणूक नोव्हेंबरात.

आमच्या मतदारसंघातल्या टोलीडोला शाळेची बस चालवणाऱ्या लॉरीन डिट्झ रोज फोन करायच्या. त्यांचा मुलगा टॉड तिकडे पाठवलेल्या आमच्या युद्धनौकेवर होता.

“काय रे बाबा, आज नववा ना?”

“नववा, बाई. सहा राहिले.”

“तुझ्या साहेबाला म्हणावं, हो म्हण नाहीतर नाही म्हण, पण तोंड उघड! दातांच्या डॉक्टरपुढे उघडतोसच की मेल्या!”

बाराव्या दिवशी गृहाने नियम केला : ‘उद्यापासून अधिवेशन संपेपर्यंतचा कोणताही दिवस या ठरावापुरता दिवस धरला जाणार नाही.’ बाजूने दोनशे अठरा, विरुद्ध दोनशे दहा. (पगारापुरते दिवस चालू राहिले. उपाहारगृहात घेवड्याचं सूपही होतं.) सूर्याला जे जमलं नाही ते आठ मतांनी झालं.

“आज तेरावा,” दुसऱ्या दिवशी लॉरीनबाई म्हणाल्या.

“नाही बाई, बारावाच.”

“अरे, काल बारावा होता!”

“कालही होता. उद्याही असेल.”

 “टॉडच्या जहाजावर आज पहाटे क्षेपणास्त्र आलं. थोडक्यात वाचला. ते कितव्या दिवशी आलं म्हणायचं?”

मी नियम पुन्हा वाचून पाहिला. “बाराव्या, बाई.”

नोव्हेंबरात साहेब दणदणीत निवडून आले. त्यांची दोन पत्रकं निघाली होती. एकात : ‘युद्धाच्या बाजूने एकदाही मत दिलं नाही.’ दुसऱ्यात : ‘आपल्या सैनिकांविरुद्ध एकदाही मत दिलं नाही.’ दोन्ही खरी. डिसेंबरात अधिवेशन संपलं, ठराव आपोआप मेला, आणि टॉडची नेमणूक सहा महिन्यांनी वाढली.

“येईल ना रे तो?” लॉरीनबाईंनी विचारलं. या प्रश्नाला माझ्याकडे छापील उत्तर आहे. ते मी वाचून दाखवलं.

मग वर्षाचा गोषवारा केला. युद्धाविषयी एकूण फोन : चार हजार एकशे सहा. पेट्रोल स्वस्त कधी होणार : दोन हजार नऊशे. आमची पोरं कधी परत येणार : बाकीचे सगळे. बॉम्ब ज्याच्यावर पडताहेत तो देश कोणता : शून्य. लॉरीनबाईंनी विचारलं नाही, साहेबांनी नाही, मीही नाही.

तुम्हीही इथवर वाचत आलातच की.