चाळीस फुटी टायडोरा गेली कुठं?

"सह्याद्रीच्या पूर्वेला आणि कर्नाटकाच्या अलीकडे, गुन्हेगार ज्याच्या नुसत्या नावानं चळाचळा कापतो, ज्याच्या नजरेतून सुतळीचा तोडासुद्धा सुटत नाही, असा एकच पुरुष आज हयात आहे: नाथाजी घार्गे."

हे कुणी लिहिलंय म्हणाल, तर नाथाजीरावांनीच. स्वतःच्या हातानं, स्वतःच्या वहीत, पहिल्या पानावर. माणूस मुळात साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचा क्लार्क. तीस वर्षं उसाच्या गाड्या मोजून निवृत्त झाला आणि कडेगावच्या स्टँडमागं पाटी लावून बसला: "खासगी गुप्तहेर. चोरी, दरोडा, हरवलेली माणसे व जनावरे. (जनावरांची चौकशी फक्त सकाळी.)" पाटीवर पेंटरनं भिंग काढलं होतं. ते झाऱ्यासारखं दिसायचं, त्यामुळं दिवसाकाठी दोन-तीन माणसं गरम भजी मागायला यायची. गुन्हेगारांचं म्हणाल, तर कापायचे खरंच. पण हसून हसून.

आजवर त्यांनी सोडवलेल्या प्रकरणांची संख्या एक. सरपंचांचा बैल हरवला होता, तो नाथाजीरावांनी तीन दिवसांत शोधला. बैल दुसऱ्याच दिवशी आपण होऊन घरी आला होता, हे त्यांना तिसऱ्या दिवशी कळलं एवढंच. वहीत मात्र 'यशस्वी' असा शेरा आहे, आणि तो लिहिताना आपल्याला थोडी लाज वाटली होती, हे नाथाजीराव खासगीत कबूल करतात.

तर अशा या पुरुषासमोर त्या सकाळी सूरज येऊन बसला. गावाबाहेरच्या वस्तीवरच्या बयाबाईचा मुलगा. बापजादे मेंढरं घेऊन गावोगाव फिरलेले, आता थोडी शेतीही करतात. सूरज फौजेत. दहा दिवसांची रजा घेऊन आलेला. दंड असे की शर्टाची शिवण ओरडावी, आणि तोंड मात्र रडवेलं.

"काका, माझी टायडोरा गेली."

नाथाजीरावांनी वही उघडली. "पूर्ण नाव?"

"टायडोरा."

"वय?"

"दहा हजार वर्षं."

नाथाजीरावांचं पेन थांबलं. आतून त्यांच्या पत्नी शालूबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्याही थांबल्या.

मग सूरजनं खिशातून वीतभर रुंदीचं एक खेळाचं यंत्र काढलं आणि नीट सांगितलं. 'बीस्टबॉक्स' नावाचा गेम. त्याचे सात भाग आलेत. त्यात हिंडायचं, चित्रविचित्र जनावरं पकडायची आणि आपल्या बॉक्समध्ये ठेवायची. या साऱ्यात सगळ्यात दुर्मीळ म्हणजे टायडोरा. समुद्राच्या तळाला राहते, अख्ख्या गेममध्ये एकच असते, वादळ असेल तेव्हाच वर येते आणि आली तरी दहातल्या नऊ वेळा जाळं तोडून जाते. बर्फातल्या चौकीवर ड्यूटी संपली की सूरज तिच्या मागं लागायचा. चौदा महिने लागले.

"माझ्यासाठी न्हवं काका, अंकितासाठी. पोरीचा उद्या वाढदिवस, आन् उद्याच सांजच्याला माझी गाडी. तिच्याकडं बी असलंच यंत्र हाय, मागल्या साली धाडलंवतं. मागल्या वाढदिवसाला येतो म्हनलो आन् आलो न्हाई. त्याच्या आदल्या बी साली न्हाई. ह्या वक्ताला पप्पा टायडोरा आणणार म्हणून तिनं साऱ्या वर्गाला सांगितलंय. उद्या बी रिकामाच गेलो, तर ती पोरगी माझ्या शब्दावर परत कवा विश्वास ठेवायची न्हाई. सोमवारी बगितली तवा हुती. आज बॉक्स उघडला, तर तिच्या जागंला खेकडा! साधा चिखलातला खेकडा! मला अंधारीच आली, तसाच हिकडं आलो."

"पोलिसांत का गेला नाहीस?"

"काय सांगू? समुद्रातलं जनावर कडेगावातनं चोरीला गेलं म्हणू?"

नाथाजीरावांना हे पटलं. त्यांनी ताबडतोब ते यंत्र दह्याच्या रिकाम्या प्लॅस्टिक पिशवीत घातलं, वर चिकटपट्टी गुंडाळली आणि चिकटपट्टीवर सही केली.

"आवं, हे काय?" शालूबाईंनी विचारलं.

"पुरावा. बोटांचे ठसे असतात. आता याला कुणी हात लावायचा नाही." मग ते सूरजकडं वळले. "टायडोराची लांबी किती?"

"चाळीस फूट."

"हं." त्यांनी डोळे मिटले. काट्यावरची तीस वर्षं कामाला आली. "चाळीस फुटी ऐवज. म्हणजे ट्रॉली लागली असणार, ती पण जोडट्रॉली. वस्तीकडचा रस्ता अरुंद. वळताना कुणाचं तरी कुंपण मोडलं असेल. कुंपण शोधा, चोर सापडला!"

सूरज आणि शालूबाई एकमेकांकडं बघत राहिले. शेवटी शालूबाई हळूच म्हणाल्या, "आवं, ते यंत्रातलं जनावर हाय. वीतभर काचंत मावतंय."

"ते मला माहीत आहे," नाथाजीराव म्हणाले. ते त्यांना त्या क्षणी माहीत झालं होतं. "मी तुझी परीक्षा घेत होतो."

दुसरा तर्क जास्त पक्का होता. यंत्राची बॅटरी बिघडली म्हणून सूरजनं ते रविवारी दिग्विजयकडं दिलं होतं. दिग्विजय म्हणजे सूरजचा शाळेतला दोस्त, मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलेला, स्वतः हा गेम खेळणारा. आणि आज दुकानाला कुलूप! साहेब मेढ्याला गेलेले.

"मेढा!" नाथाजीरावांनी मांडीवर थाप मारली. "डोंगर, झाडी, पाणी. मोठं जनावर लपवायला यापरीस चांगली जागा कुठली?"

"पण त्यानं रविवारीच परत दिलंवतं," शालूबाई म्हणाल्या. "आन् सूरजनं सोमवारी टायडोरा बगितली."

"हाच तर त्याचा डाव आहे," नाथाजीराव म्हणाले. डाव नेमका काय, हे त्यांनाही कळलं नव्हतं, पण वाक्य चांगलं होतं. त्यांनी आवाज घोगरा करून फोन लावला.

"टायडोरा कुठाय?"

"कोन बोलतंय?" पलीकडून ढोलकी आणि बायकांचा गलका ऐकू येत होता.

"जास्त शहाणपणा नको. बॉक्समध्ये खेकडा सापडलाय."

पलीकडं ढोलकी जरा लांब गेली. मग दिग्विजय म्हणाला, "नाथाकाका, असा आवाज काढू नका, घसा बसंल. मी मेव्हणीच्या पोराच्या बारशाला आलोय. पाळण्यात पोरगं हाय, खेकडा न्हाई. तुमाला बगायचं असंल तर व्हिडिओ कॉल लावू?"

नाथाजीरावांनी फोन ठेवला आणि वहीत लिहिलं: 'संशयित अतिशय मुरलेला.'

आता जागेची पाहणी राहिली. पण सूरजची एकच अट होती, घरात कुणाला कळता कामा नये. आल्या दिवशी त्यानं आईला यंत्रातलं जनावर दाखवून "हे अंकीसाठी आणलंय" असं मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. आता ते हरवलं म्हणून सांगायला त्याला तोंड नव्हतं. आणि पोरीला तर मुळीच कळायला नको होतं. म्हणून नाथाजीरावांनी वेषांतर केलं. शेजारच्या सलूनवाल्याचा पांढरा कोट चढवला, शालूबाईंच्या हातात कुल्फीचा थर्मासचा डबा दिला आणि मेंढरांना लस टोचणारा सरकारी माणूस होऊन दुपारी वस्तीवर दाखल झाले.

बयाबाई वाघरीपाशी उभ्या होत्या. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. त्यांनी कोटाकडं बघितलं, मग तोंडाकडं बघितलं.

"तुमी काट्यावरचं घार्गे न्हवं?"

"नाही, मी त्यांचा भाऊ. डॉक्टर."

"असंल," बयाबाई म्हणाल्या. "या की मग. पयला त्यो एडका धरा, त्याला लय दिवस टोचलं न्हाई."

आता लसच नाही तर टोचणार काय! पण वेषाची अब्रू राखायला हवी, म्हणून नाथाजीराव आत शिरले. एडका म्हणजे कळपातला मोठा नर. त्यानं आधी चार पावलं मागं घेतली. नाथाजीरावांना वाटलं, घाबरला. पुढचं वर्णन वहीत नाही. शालूबाईंच्या म्हणण्याप्रमाणं एडक्यानं एकच धडक दिली, ती कमरेखाली बसली आणि सरकारी डॉक्टर वाघरीच्या पलीकडं शेणात जाऊन पडले. पडताना ते "कायद्याच्या नावानं!" असं ओरडले म्हणे.

तेवढ्यात बयाबाईंचं लक्ष दुसरीकडंच गेलं. कळपात एक मेंढी अंग चोरून उभी होती. त्यांनी तिचा कान धरला, उलटा करून बघितला आणि म्हणाल्या, "ही आपली न्हवं. खालच्या वस्तीवरल्या धनाजीची. सांजच्याला पोचती करायला पायजे." झालं, बोलणं संपलं. शालूबाई ते बघत उभ्या राहिल्या.

मागच्या ओसरीवर नाथाजीराव कमरेला तेल लावून घेत पालथे पडले होते. तेल सूरज लावत होता. "माझा तिसरा तर्क," ते उशीत तोंड खुपसून म्हणाले, "शत्रुराष्ट्र. बर्फातल्या चौकीवरून सिग्नल पकडून…"

"आवं," शालूबाई म्हणाल्या, "त्यो खेकडा कुणाचा हाय?"

"चोराचा!"

"पर चोर कोन? दुसऱ्याचं मेंढरू कळपात घुसलं, तर बयाबाईंनी त्याचा कान बगितला. चोर शोधत न्हाई बसल्या. सूरज, ह्या खेकड्याला काय खूण असती का रं?"

सूरजचा तेलाचा हात थांबला. "असती की काकी. पकडणाऱ्याचं नाव असतंय. 'मूळ मालक' म्हणून. एक बटण दाबलं की दिसतंय. पण काकांनी त्ये पिशवीत सील केलं…"

नाथाजीरावांनी उशीतून तोंड वर काढलं आणि परत खुपसलं. सकाळपासून तो पुरावा त्यांच्याच ताब्यात होता, आत्ताही कोटाच्या खिशात. जोडट्रॉली झाली, मेढा झाला, शत्रुराष्ट्र झालं, एडकासुद्धा झाला. आणि उत्तर एका बटणाच्या अंतरावर, त्यांच्याच सहीखाली. आपण गुप्तहेर नसतो तर हे प्रकरण सकाळीच सुटलं असतं, हे त्यांना त्या क्षणी अगदी स्वच्छ कळलं. गुप्तहेर म्हणून त्या दिवशीचा हा त्यांचा एकमेव बरोबर निष्कर्ष.

शालूबाईंनी विळीवर पिशवी कापली. सूरजनं बटण दाबलं. काचेवर खेकडा आला आणि खाली अक्षरं आली. मूळ मालक: अंकिता.

"अंके!" सूरज ओरडला.

दाराआड कोण उभंय हे बघायला गुप्तहेर लागत नव्हता. नऊ वर्षांची अंकिता पुढं आली. तिच्या हातात तिचं यंत्र होतं आणि काचेवर निळीशार, लांबच लांब टायडोरा संथपणे पोहत होती.

"चोरली न्हाई मी," ती घाईनं म्हणाली. "आजीनं दिली. अदलाबदल केल्याबिगर गेममदी देता येत न्हाई, म्हणून मी खेकडा ठेवला. आजी म्हणली, पंच आल्याबिगर पप्पाला काय बोलायचं न्हाई."

मागून बयाबाई आल्या. पदराला हात पुसत शांतपणे म्हणाल्या, "व्हय, म्याच दिली तिला. अर्धलीनं."

अर्धली म्हणजे या लोकांची जुनी रीत. आपली मेंढी दुसऱ्याला सांभाळायला द्यायची. तो चारणार, पाणी पाजणार. मालकी आपलीच. होणारी पिलं निम्मी त्याची, निम्मी आपली. आणि हा व्यवहार चार माणसांत, पंचासमोर बोलून करायचा.

"आगं आई!" सूरजला हसावं का रडावं कळेना. "उद्या मी तिला सगळीच देणार हुतो की. पुरी!"

"म्हणूनशानच दिली," बयाबाई म्हणाल्या. "तू बाहुली दिलीस, पुरी दिलीस. सायकल दिलीस, पुरी दिलीस. टपालानं दिलीस. पुरं दिलं की देणारा मोकळा हुतो बाबा. अर्धलीनं दिलेल्या जनावराचा मालक मोकळा हुत न्हाई. वाटणीला त्याला यायलाच लागतंय."

नाथाजीराव तेलकट कंबर धरून उठून बसले.

"पर आई," सूरजचा आवाज खाली आला, "त्या जनावराला पिलं हुत न्हाईत गं. साऱ्या गेममदी ती एकलीच असती. कवाच हुत न्हाईत."

"सांगितलंय मला पोरीनं." बयाबाईंनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला. "मग दरसाल येऊन बगून जायाचं, झाल्यात का न्हाई. न्हाई झाली, तर पुढच्या साली परत यायाचं."

सूरज मेंढरांकडं तोंड करून उभा राहिला. बर्फात चौदा महिने काढलेला गडी, त्याला मागं वळायला वेळ लागला. "आई, रजा काय माझ्या हातात असती व्हय? सायबाला कारण काय सांगू?"

"त्ये ह्यांना इचार," बयाबाई नाथाजीरावांना म्हणाल्या. "आवं डॉक्टर, का घार्गे, जे कोन असाल ते. पंच म्हणून तुमीच ऱ्हावा. वाटंवर बसून माणूस हुडकत हुते, तर तुमी आपल्या पायानंच आलासा."

एरवी नाथाजीरावांनी अशा वेळी भाषण केलं असतं. मनात जुळवलेलंही होतं, 'पहिल्यापासूनच माझा संशय' वगैरे. पण त्यांची त्यांनाच लाज वाटत होती. तीस वर्षांत एक गोष्ट मात्र त्यांना खरोखर चांगली येत होती, ती म्हणजे अर्ज लिहिणं. त्यांनी वही मांडीवर घेतली, कोरं पान फाडलं आणि वळणदार अक्षरात लिहिलं:

'मा. साहेब, दिवाळीत आठ दिवस रजा मिळावी. कारण: अर्धलीने दिलेल्या जनावराची वाटणी. सदर वाटणीस मालकाने समक्ष हजर राहणे रीतीप्रमाणे आवश्यक आहे. साक्षीदार: नाथाजी घार्गे.'

नावापुढं त्यांनी गुप्तहेर लिहिलं नाही.

सूरजनं सही केली. अंकितानं कागद हातात घेतला, एकेक अक्षरावर बोट फिरवत शेवटपर्यंत वाचला आणि पंचाकडं परत दिला.

"काका, खाली लिवा," ती म्हणाली, "दरसाल."