जरा फोकसला उभे राहा

भालेरावांनी मला कॅमेऱ्यासमोर आजवर निदान दोनशे वेळा उभं केलं असेल. त्यातल्या एकाही फोटोत मी नाही.

भालेरावांना फोटो इमारतींचे काढायचे असतात. जुनी फाटकं, दगडी पूल, पाण्याची टाकी, काहीही चालतं. पण नुसत्या भिंतीवर फोकस लावणं त्यांना पटत नाही. भिंतीसमोर माणूस उभा करायचा, त्याच्या शर्टाच्या वरून दुसऱ्या बटणावर फोकस लावायचा आणि मग म्हणायचं, "हां, आता सरका." माणूस सरकला की खट्. गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत ते तळमजल्यावर राहतात, मी त्यांच्या डोक्यावर. गेली तीन वर्षं तो सरकणारा माणूस मी आहे.

बरं, त्यांचा कॅमेरा नवा आहे, फोकस आपला आपण लावतो. हे मी त्यांना सांगून पाहिलं.

"तो लावतो हो," ते म्हणाले, "पण कशावर लावतोय ते त्याला ठाऊक नसतं, निकम."

माझं वय एकसष्ट, गुडघे त्याहून मोठे. निवृत्त झाल्यावर आराम करीन म्हटलं होतं, नशिबात ही ड्यूटी आली. त्यातून उजेडाचं प्रकरण निराळंच. भालेरावांच्या मते उजेड पिकावा लागतो. सकाळी तो कच्चा असतो, दुपारी करपतो आणि पाचच्या सुमाराला कुठे पिकतो. तोवर थांबायचं. एकदा एका बंगल्याच्या फाटकासमोर मी पाऊण तास उभा होतो. मालकीण बाहेर येऊन मला म्हणाली, "कुरिअर असेल तर वॉचमनकडे द्या." भालेराव तिला म्हणाले, "ताई, जरा आत व्हा. फोटोत माणूस आला की बघणारा माणसाकडेच बघतो, इमारत वाया जाते." ती निमूट आत गेली. मी माणसात मोडत नसावा.

माझ्याआधी ही ड्यूटी भालेराववहिनींची होती. सटाण्याला भालेरावांचा फोटो स्टुडिओ होता तेव्हापासूनची. रविवारी स्टुडिओला कुलूप लावायचं आणि दोघांनी एसटीने कुठली तरी वेस, कुठली तरी बारव गाठायची. वहिनी डब्याची पिशवी हातात धरून उभ्या राहायच्या. त्यांना बटण नव्हतं, म्हणून फोकस टिकलीवर. "हां शालू, आता सरक." की वहिनी सरकायच्या. मला एकदा म्हणाल्या होत्या, "भाऊजी, निम्म्या जिल्ह्याकडे पाठ करून उभी राहिलेय मी."

तीन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात हार घालायला फोटो हवा, तर फोटोग्राफरच्या घरात बायकोचा फोटो नाही. आम्ही कपाटं उपसली. पूल निघाले, बारवा निघाल्या, वहिनी काही निघाल्या नाहीत. लग्नाचा रोल म्हणे एका मित्राने काढला होता, लेन्सचं टोपण न काढता. मोबाइलने काढलेला फोटो भालेरावांच्या लेखी फोटो नव्हे, पंचनामा, त्यामुळे तोही कुणाला काढू दिलेला नव्हता. शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून आणला. त्यात वहिनींनी काही तरी गुन्हा कबूल केल्यासारखं वाटतं. त्या दिवशी मला भालेरावांचा मनस्वी राग आला होता आणि तितकीच दयाही आली होती. अजूनही ते त्या फोटोकडे पाठ करूनच जेवतात.

मागच्या महिन्यात एका शनिवारी सकाळी साडेसहाला बेल वाजली. दारात भालेराव, गळ्यात कॅमेरा.

"सुरगाण्याच्या बाजूला डोंगरात जांभूळखिंड नावाचं गाव आहे. मिशनच्या काळातलं दगडी चर्च आहे तिथे. सोमवारी कौलं उतरवून पत्रे घालणार आहेत. आजच जायला हवं."

"पण त्या चर्चचा फोटो तुमच्या हॉलमध्ये लावलेला आहे की."

"तो चांगला आलाय हो," ते कुरकुरल्यासारखे म्हणाले आणि खाली जाऊन गाडीत बसले. गाडी माझी.

घाटात माझी कंबर धरली. भालेराव पूर्वी तिथे गेले होते ते एसटीने आणि पुढे पायी, त्यामुळे नवा रस्ता त्यांना ओळखीचा नव्हता आणि आम्ही दोन-तीनदा चुकलो. गावातही तो मागच्या बाजूने शिरत होता, त्यांना काही ओळखू येईना. गावात शिरल्यावर म्हणाले, "चर्च म्हणू नका, इथले ख्रिस्ती लोक देऊळच म्हणतात." मी गाडी एका उंच दगडी कुंपणाला लावली आणि शेळ्या घेऊन चाललेल्या एका बाबांना विचारलं, "देऊळ कुठंय हो?"

"वर हाय. पायऱ्या चढून जावा."

शंभरेक पायऱ्या असतील. वर मारुती होता. मी त्याला नमस्कार केला, दोघांनी दम खाल्ला आणि खाली आलो. बाबा तिथेच होते.

"येशूचं देऊळ पायजे व्हतं व्हय? मंग तसं सांगाया नको? ते काय, तुमच्या गाडीच्या मागं."

चर्च बुटकंसं होतं. काळा दगड, शेवाळलेली कौलं, एका कोपऱ्यात घंटेची छोटी कमान. अंगणात नवे पत्रे रचून ठेवले होते. दार बंद होतं. दुपारचा एक वाजला होता, म्हणजे उजेड करपलेला. चिवडा खाऊन आम्ही सावलीत बसून राहिलो. चारच्या पुढे भालेरावांनी मला दाराच्या पायरीवर उभं केलं.

"डावीकडे. अजून थोडे. हां, तिथेच."

त्यांनी डोळा कॅमेऱ्याला लावला. मी सरकायच्या तयारीत राहिलो. पण ते 'सरका' म्हणेनात.

"सरकू का?"

"थांबा जरा," ते म्हणाले, आणि नुसतेच बघत राहिले. माझे गुडघे बोलायला लागले होते.

तेवढ्यात एक म्हातारी किल्ल्यांचा जुडगा घेऊन आली. देवळाची झाडलोट करणारी रूथबाई. भालेरावांकडे निरखून बघत म्हणाली, "तुमी ते सरक-सरक म्हननारं ना? संगं तुमची बाई व्हती."

भालेरावांनी कॅमेरा खाली घेतला.

"तुम्हाला मी पोस्टाने एक फोटो पाठवला होता," त्यांनी विचारलं. "बिघडलेला. आहे का तो?"

इतकं अजिजीने बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की आम्ही कशासाठी आलो होतो. कौलं उतरली की आतलं सामान बाहेर निघणार, आणि जुना कागद कोण जपून ठेवतो?

रूथबाई कुलूप उघडता उघडता मला सांगू लागली. त्या दिवशी नेमकी फोटोच्या वेळी हिने घंटा वाजवली होती. वहिनी दचकल्या, मग हसत सुटल्या, आणि सरकायच्या राहिल्या. "ह्ये लय तापलं व्हतं तवा. फोटू वाया गेला म्हनं."

"चांगला मी ठेवला," भालेराव खाली बघत म्हणाले, "आणि बिघडलेला गावाला पाठवला. निगेटिव्ह पुढे बुरशीने खाल्ली."

वेदीमागच्या खोलीत सामानाची गाठोडी बांधून ठेवली होती. भिंतीवर मात्र एक लहानशी चौकट अजून होती. मी जवळ गेलो. फोकस टिकलीवर लावलेला, त्यामुळे वहिनी लख्ख आल्या होत्या. टिकली, कानातलं, डब्याची पिशवी, तोंडावर न्यायला उचललेला हात आणि हसू. मागचं देऊळ जरासं पुसट होतं.

"देवळाचा फोटू कशाला लावू?" रूथबाई म्हणाली. "देऊळ रोज समोर हाय. बाई हसतीया, म्हून लावलाय. घिऊन जावा तुमी."

"नको," भालेराव म्हणाले. "पत्रे घातले की पुन्हा इथेच लावा. मी फक्त याचा फोटो काढून घेतो."

मला तिथे उभं राहवेना. बाहेर आलो तर पाच वाजले होते. काळा दगड मधासारखा दिसत होता, कौलांवर ऊन उतरलं होतं. तीन वर्षांत मीसुद्धा थोडंफार शिकलो आहे. दारातून हाक मारली, "भालेराव, उजेड पिकलाय. लवकर या."

"पिकू द्या," आतून उत्तर आलं.

मी पुन्हा आत गेलो. एरवी ज्या अंधारात त्यांनी कॅमेऱ्याची पिशवीही उघडली नसती, तिथे ते चौकटीसमोर वाकून उभे होते, डोळा कॅमेऱ्याला लावून. मी पाठीमागे आहे हे त्यांच्या ध्यानात नव्हतं.

"हां शालू," ते म्हणाले, "आता सरकू नको."