देवाच्या कुंडीतलं पाणी

सोमवारी तपासणीला डॉक्टरसाहेब येतील तेव्हा आपल्या वाडीत डासाला अंडं घालायला थेंबभर पाणी मिळणार नाही, असं गुरुदासने छाती पुढे काढून सांगितलं होतं. सांगितलं कोणाला, तर देवळाचे मानकरी गंगाराम गावकारांना. गुरुदास आरोग्य खात्यात हंगामी होता आणि गावकारांची विमला त्याच्या मनात भरली होती. गावकारांचं म्हणणं साधं होतं. नोकरी कायम झाली की लग्न.

त्या साली, म्हणजे चौसष्टात, हाडं मोडून काढणाऱ्या तापाने अर्धी वाडी आडवी झाली होती. हा ताप साठवलेल्या पाण्यात वाढणाऱ्या डासांमुळे पसरतो, हे दारोदार सांगून गुरुदासचा घसा बसला. लोक त्याला चहा पाजत आणि रांजण तसाच उघडा ठेवत. शेवटी त्याने गावकारांना गळ घातली.

"काकानू, माझा कोण आयकणा नाय. तुमी देवाक गाऱ्हाणा घाला."

गावकारांनी देवळासमोर उभं राहून घातलं. "बा देवा म्हाराजा, जेच्या घरात साठलेला पाणी ऱ्हवात, तेका तूच बघून घे."

"व्हय म्हाराजा," सगळी वाडी म्हणाली.

सोमवारी गुरुदासच हबकला. रांजण पालथे, घागरी पालथ्या, करवंट्यासुद्धा पालथ्या. वाडीतल्या बाबलीने तर गुरांची पाण्याची दगडी डोण घणाने फोडली होती. विहिरींवर फळ्या ठोकलेल्या. पाणी काढलं तर ते साठेल, आणि साठलं तर देव बघून घेईल, या भीतीने सकाळपासून कोणी चूळसुद्धा भरली नव्हती.

डॉक्टरांनी अठरा घरं पाहिली. आश्विनातलं ऊन मी म्हणत होतं. "असं गाव मी पाहिलं नाही," ते म्हणाले आणि त्यांनी गुरुदासला कायम करण्याची शिफारस तिथेच लिहून काढली. "आता मात्र मला घोटभर पाणी द्या."

गुरुदास गावकारांकडे बघू लागला. अख्ख्या वाडीत घोटभर पाणी नव्हतं.

"पावण्याक सुको कसो धाडू?" म्हणत गावकार देवळात गेले आणि पळीभर तीर्थ घेऊन आले. ते होतं कौलाच्या कुंडीतलं. त्या पाण्याने देवाच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. ती दगडी कुंडी कधी रिकामी करायची नाही, रोज वरून भर घालायची, अशी गावकारांच्या घराण्याची रीत. देवाला घातलेलं गाऱ्हाणं देवाच्या घरालाही लागू आहे, हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

डॉक्टरांनी ओंजळ तोंडाशी नेली आणि तशीच धरली. ओंजळीत तिघं चौघं वळवळत होते.

"या अळ्या आहेत," ते हळूच म्हणाले. "ही कुंडी कोणाच्या ताब्यात आहे? नाव अहवालात जाईल."

गावकारांचा चेहरा पांढराफटक पडला. गुरुदास स्वतः रोज सकाळी तेच तीर्थ घेत असे, तरी कुंडीत वाकून बघायचं त्याला सुचलं नव्हतं. पण विमलेच्या बापाचं नाव सरकारी कागदावर?

"माझ्या ताब्यात, साहेब," तो म्हणाला. "तपासायची राहिली."

शिफारशीचे चार तुकडे झाले. "आणखी वर्षभर हंगामी. आणि ही कुंडी दर आठवड्याला तुम्ही स्वतः उपडी करून सुकवायची. मी येऊन बघणार."

गुरुदासने तेव्हाच कुंडी जास्वंदीच्या मुळाशी रिकामी केली. डॉक्टर खाडीतल्या होडीकडे गेले तसे गावकार त्याच्याजवळ आले. त्यांचे डोळे भरले होते.

"गुरुदासा, ह्यो उपकार मी इसराचंय नाय. कायम नाय तर नाय. देवाक इचारतंय. उजवो कौल झालो तर माझा चेडू, विमला, तुका देतंय."

गुरुदासला आकाश ठेंगणं झालं. "मगे आत्ताच लावा कौल."

गावकारांनी पाकळी घेतली, कुंडीत बोट घातलं आणि ते तिथेच थांबले.

"सुकी रे ही. पाकळी चिकटाक मुरलेला पाणी व्हया. नवा पाणी देव घेणा नाय."

"मुराक किती दिस लागतत?"

"आजोबांनी ही कुंडी बसयली, तेवा वरीसभर लागला."

गुरुदास कुंडीकडे बघत राहिला. ती दर आठवड्याला सुकवायची होती, आणि सुकवणारा तोच होता.