राणीसाहेब म्हाळसाबाई यांच्या उड्डाणाची हकीकत

श्री वायुदेव, ज्याची मर्जी फिरल्यास थोरांचें पागोटेंही शिरीं राहत नाहीं, त्यास नमन करून लिहिण्यास कारण कीं, शके १९४७ विश्वावसुनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासीं, प्रातःकाळीं, एका राज्याच्या माळावर राणीसाहेब म्हाळसाबाई पाठीस यंत्र बांधून उभ्या राहिल्या. यंत्र म्हणजे जाळीच्या पिंजऱ्यांत फिरणारा पंखा, आणि मागें गवतावर पसरलेलें मोठें छत, दोऱ्यांनीं अंगास जोडलेलें. वाऱ्याकडे तोंड करून धांवावें, मग छत डोईवर उभें राहतें, आणि पंख्याच्या जोरें माणूस आकाशीं जातें. हें यंत्र कैलासवासी राजेसाहेबांनीं हौसेनें आणविलें, आणि उडण्याआधींच ते स्वतः मोहिमेवर कामास आले. कारभारी बापूजीपंत यांची नजर त्या छताच्या कापडावर, कीं घरीं लेकीचें लग्न. ते पूर्वींच म्हणाले होते, "ठरल्या दिवशीं सूर्य डोईवर येईतों बाईसाहेब उडाल्या तर उत्तम, न उडाल्या तर कापड मांडवास द्यावें." बाईंनीं भरदरबारीं कबूल केलें, आणि नणंद ठकूबाई, ज्या सासरीं डोंगरी मुलखांत उडणें शिकल्या होत्या, त्यांस बोलाविलें.

ठकूबाईंनीं पट्टे आवळिले आणि दोऱ्यांचा गुंता सोडविला आणि काठीची चिंधी पाहून वारा ओळखिला, मग म्हणाल्या, "वहिनी, नजर समोर. छत वर आलें तरी धांवणें सोडूं नका, आणि पाय भुई सोडीपर्यंत बसूं नका." "होय हो वन्सं, किती वेळां सांगाल!" यंत्र गर्जलें, बाई धांवल्या, छत उठलें, आणि ऐन वेळीं बाईंनीं मागें वळून, निरोपास माळावर जमलेल्या दरबाराकडे पाहिलें, तों छत कलंडलें आणि स्वारी गवतांत बसली. "कळ बंद करा!" ठकूबाई ओरडल्या. दुसऱ्या खेपेसही तेंच. पंतांनीं गज काढून कापड मोजावयास घेतलें.

ठकूबाई तापल्या. "मागें काय ठेविलें आहे हो? चुलीवर दूध आहे?" बाई गवत झटकीत म्हणाल्या, "येतें म्हणावयास वळतें, वन्सं. तुमचे बंधू मोहिमेस निघाले त्या दिवशीं घाईंत तसेच घोड्यावर बसले. वळले नाहींत, येतों म्हणाले नाहींत." त्या दिवशीं दरवाजांत ठकूबाईही उभ्या होत्या. मग पदर खोंचून त्या दरबाराकडे गेल्या. "उठा सारे! माळाच्या पुढल्या टोकास चला, आणि वाट सोडून बाजूस उभे राहा." पंत म्हणाले, "निरोप देणारे मागें राहतात, ऐसी रीत आहे." "रीत आजपासून पुढें उभी राहील. तो गज घेऊनच चला."

मग तिसरी खेप. बाईंस समोर सारें घर दिसलें, वळण्याचें कारण उरलें नाहीं, आणि येतें म्हणावयासच त्या जीव तोडून धांवल्या. छत उभें राहिलें, ठकूबाईंनीं हात उंचाविला, पंख्यास जोर मिळाला, आणि पुढल्या दोन ढांगा अधांतरीं पडल्या. दरबाराशेजारून वर चढतांना त्या गोंगाटांत बाईंचे ओठ हलले. ऐकूं कोणासच आलें नाहीं. ठकूबाईंनीं मान वर करून, घसा फुटेतों साद दिली, "या हो वहिनी! या!" आणि पंतांचें पागोटें माळावरून गडगडत गेलें.

सारांश, बाईसाहेब वळसे घालून सुखरूप उतरल्या. पंतांच्या लेकीचा मांडव ताडपत्रीचा जाहला, शोभा बरी आली. आणि त्या राज्यांत अद्यापि कोणी दूर निघालें, तर घरचीं माणसें आधीं पुढें जाऊन उभीं राहतात. हकीकत घडली तैसी लिहिली. वारा असाच असों द्यावा.