नामंजूर दरवाजा

सरकारला दार विकायचं असेल, तर आधी सरकारला दार विकलेलं असावं लागतं, हे तुम्हाला ठाऊक आहे का? आमच्या मंगरूळपीरच्या हनीफ मिस्त्रींनाही ठाऊक नव्हतं. कळलं त्या दिवशी ते आमच्या घरी आले, कोंबड्यांच्या खुराड्याला नवंकोरं दार बसवलं आणि माझ्या आईकडे अनुभवाचा दाखला मागितला.

"मिस्त्री, खुराड्याचा कायचा आला दाखला?" आई म्हणाली.

"दार हाय ना, वैनी? उघडते ना? लागते ना? मंग लिहून द्या."

आईने वहीचं पान फाडलं आणि लिहिलं: 'हनीफ मिस्त्री यांनी आमच्या खुराड्यास दार बसविले. दार उघडते व लागते. मांजर आत येत नाही.' मग विचारलं, "मांजराचं राहू देऊ का?"

"राहू द्या की! तेच तं मुद्द्याचं हाय!"

हनीफचाचांचं दुकान दर्ग्याच्या मागच्या गल्लीत आहे. साठी ओलांडलेली, केसांत कायम भुसा, कानावर पेन्सिल. माणसापेक्षा माणसाचं दार त्यांच्या लक्षात राहतं. कुठेही गेले की आधी बोटांनी दारावर टकटक करून ऐकतात, मग आत जातात. एकदा बँकेत मॅनेजरच्या केबिनवर अशी टकटक केली. आतून 'या' आलं, तर हे बाहेरूनच म्हणाले, "यायचं नाई सायेब. पोटातून पोकळ हाय, तेवढं सांगाले आलो." पुतण्यासाठी मुलगी पाहायला मेडशीला गेले होते. परत आल्यावर घरातल्या बायांनी घेरलं. "पोरगी कशी हाय?" चाचा म्हणाले, "चौकट सागाची हाय. बिजागरी मातर रडते."

आता मुद्द्याचं. गरिबांसाठी घरं बांधणारं एक सरकारी मंडळ आहे. त्या मंडळाने आमच्या गावाबाहेरच्या माळावर एकेकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी घरं काढली. एक खोली, एक मोरी, एक दार. ही बातमी ऐकल्यापासून चाचांना एकच ध्यास लागला: त्या घरांची दारं आपण द्यायची. त्यासाठी मंडळाच्या पुरवठादारांच्या यादीत नाव हवं. यादीत नाव यायला सरकारी कामाचा अनुभव हवा. आणि सरकारी काम मिळायला यादीत नाव हवं. हा नियम ज्याने लिहिला, त्याने गरीब कारागिराला बाहेर ठेवण्याचं काम एका ओळीत उरकलं. ठेकेदाराला असा नियम अडवत नाही. त्याचा मेहुणा आधीच यादीत असतो.

खुराड्याचा दाखला मंडळाच्या बाबूंनी परत केला. "चाचा, अनुभव सरकारी पायजे. कोंबड्या खाजगी हायेत."

दुसरा असता तर थांबला असता. चाचांनी आसेगावच्या शाळेच्या संडासाला फुकट दार बसवलं. जनावरांच्या दवाखान्याला बसवलं. दोन्हीकडून गोल शिक्क्याचे दाखले आणले. दवाखान्याच्या दाखल्यात लिहिलं होतं, 'दार समाधानकारक आहे. बैलाने धडक देऊन पाहिली.' हे वाक्य चाचा आठवडाभर गल्लीत वाचून दाखवत होते. ऐकून घेणारा हसला की त्यालाही म्हणत, "आवडलं ना? मंग लिहून दे."

ऑनलाइन अर्ज भरायचं काम माझ्याकडे आलं. तिथे अंगठा आडवा आला. यंत्र म्हणे, ठसा जुळत नाही. चाळीस वर्षं पॉलिश पेपर घासून चाचांच्या बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या. दहाही बोटं लावून झाली. यंत्राच्या मते हनीफ नावाचा माणूस नव्हताच.

"पाह्य बेटा," चाचा हात पुढे करून म्हणाले, "काम केल्याचा पुरावा हाय हा. अन् मशीन म्हनते, तू कोन?"

शेवटी बोटांऐवजी डोळे तपासणाऱ्या यंत्रावर जमलं. कागद पुरे झाले. वाशिमच्या कार्यालयातून बोलावणं आलं की नमुन्याचा दरवाजा घेऊन या.

छोट्या टेम्पोत दरवाजा उभा बांधला आणि चाचा त्याला धरून मागे उभे राहिले. समोर बसा म्हटलं तर म्हणाले, "पहिल्यांदा सासरी चालला. एकटा कसा पाठवू?"

मंडळाचे इंजिनिअर तरुण होते आणि माणूस वाईट नव्हता. त्यांनी दार वाजवलं, हलवलं, टेपने मोजलं. चेहरा खुलला. मग आतल्या बाजूला आले आणि थांबले.

दाराच्या वरच्या टोकाला खिट्टी होती, वर चौकटीत घुसणारी, ड्रॉइंगमध्ये होती तशी. पण त्या खिट्टीपासून एक बारीक लोखंडी गज दाराला धरून थेट खाली उतरला होता. त्याच्या शेवटाला बांगडीएवढं कडं. जमिनीवर बसून ते कडं ओढलं, की वरची खिट्टी खाली यायची आणि दार उघडायचं.

"चाचा, हे काय?"

"खालून उघडाची सोय हाय, सायेब."

"ड्रॉइंगमध्ये गज नाही."

"ड्रॉइंग काढनारा पडला नसन कधी."

साहेब हसले. "तेवढा गज काढून आणा. दार पास. मी आत्ता सही करतो."

चाचांनी गज काढला नाही. महिन्याने तेच दार घेऊन पुन्हा गेले. तेच झालं. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्या खोलीत दुसऱ्या कोणाचा पास झालेला नमुना भिंतीला टेकून ठेवला होता. चाचांनी बोटाने वाजवला आणि माझ्याकडे पाहिलं. मलासुद्धा ऐकू आलं. आतून निव्वळ पोकळ. पण ड्रॉइंगप्रमाणे.

परत येताना माझा तोल गेला. "चाचा, एका गजासाठी काहून हट्ट करून राह्यले तुमी? आज काढा. यादीत नाव आलं, की मंग प्रत्येक दाराले गुपचूप लावून द्या. कोन पाहाले येते?"

"कागदावर एक अन् दारावर एक? मंग तो ठेकेदार अन् मी, फरक काय राह्यला बे?"



इंजिनिअर साहेबांनीच एक वाट सांगितली होती. ड्रॉइंगमध्ये बदल हवा असेल तर वेगळा अर्ज करा. त्या अर्जात एक रकाना होता: 'सुचविलेल्या मोजमापाचा आधार'. जमिनीपासून कड्याची उंची चाचांनी सांगितली, एक वीत आणि चार बोटं. मी टेपने मोजून सेंटिमीटर लिहिले आणि विचारलं, "आधार काय लिहू? कोनत्या पुस्तकात हाय हे माप?"

"चाल," म्हणाले.

दुकानाला लागूनच त्यांचं घर. मी त्या घरात लहानपणापासून जातो. मागच्या खोलीत धान्याच्या कोठीआड एक जुनं, वरून फुटलेलं हिरवं दार भिंतीला टेकवलेलं होतं, ते मी कधी नीट पाहिलं नव्हतं. चाचांनी कोठी सरकवली. दाराच्या खालच्या फळीवर हिरवा रंग खरवडून निघाला होता. बारीक बारीक रेघा. काही जमिनीलगत, काही वर. चाचांनी दाराच्या खालच्या कडेपासून आपली वीत टेकवली आणि तिच्यावर चार बोटं ठेवली. बोटं बरोबर सगळ्यांत वरच्या रेघेला भिडली.

"तुही चाची," म्हणाले.

जमिलाचाची लकव्याने गेली, एवढंच मला माहीत होतं. कशी गेली ते त्या दुपारी कळलं.

"घराच्या दाराले वर खिट्टी मीच लावली होती. म्हनलं, हत्तीच्या बापाले नाई उघडनार. ते आंग धुवाले गेली, दार लावलं, अन् तिथंच पडली. इकडे माही रंध्याची मशीन चालू. दोन वाजता जेवाले आलो, हाका मारल्या. उत्तर नाई. म्हनलं, झोपली असन, कालपासून थकली होती. चौकात जाऊन चहा पिऊन आलो." त्यांनी वरच्या रेघेवरून अंगठा फिरवला. "आरामात पेलो बेटा. दोन कप."

परत आल्यावर त्यांनी स्वतःचं दार कुऱ्हाडीने फोडलं. चाची दाराशीच होती.

चाचांनी कोठी होती तिथे सरकवली, हात झटकले. "ते लोकं बी एकटेच राहतीन तिथं, माळावर. चाल, रकाना भर."

"काय लिहू?"

"जे हाय ते. लिही: माह्या बायकोचा हात इथवर पोचला होता."

मी तसंच लिहिलं. एक अक्षर बदललं नाही.

वीस दिवसांनी उत्तर आलं. 'नमूद केलेला आधार मान्य मानकांमध्ये बसत नसल्याने अर्ज नामंजूर करण्यात येत आहे.' चाचांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. चिडले नाहीत. पाटावर बसून पुन्हा रंधा मारायला लागले. चिडलो मी, आणि अजून चिडलेलाच आहे. कारण माळावरच्या घरांना ती पोकळ दारं लागली आहेत. प्रत्येकाला वर खिट्टी आहे, आणि प्रत्येकामागे एक म्हातारं माणूस एकटं झोपतं. मानक कोणासाठी असतं? ज्याचा हात वर पोचतो त्याच्यासाठीच असेल, तर ते फाडून नवं लिहायला हवं, आणि त्यासाठी मी भांडत राहणार आहे.

पण माझं भांडण संपायला वर्षं लागतील, आणि माणूस कोणत्याही दुपारी पडतो. म्हणून तुम्हाला एक विनंती. तुमच्या घरात, गल्लीत कोणी म्हातारं माणूस एकटं राहत असेल, एकटं मोरीत जात असेल, तर आजच जा. त्याच्या दाराच्या वरच्या खिट्टीला एक मजबूत दोरी बांधा. खालच्या टोकाला फास ठेवा, जमिनीपासून एक वीत आणि चार बोटांवर. मग दार लावून स्वतः खाली आडवे पडा आणि तो फास ओढून पाहा. दार उघडलं, तरच घरी जा.