डिकी काही मिटेना

वहिनींच्या गाडीत सगळं होतं. बसायच्या जागा थंडीत गरम होत, उन्हात गार होत, छत सरकत असे, आरसे आपले आपण मिटत. फक्त डिकीचं दार तेवढं माणसाने हाताने ओढून लावावं लागे, आणि उघडलं की ते वहिनींच्या हातापासून चांगलं वीतभर वर जाऊन थांबे. वहिनी बुटक्या होत्या. ऑफिसात हा विषय कोणी काढत नसे. रोज सकाळी दारात गाडी उभी करून त्या फायली काढत आणि मग डिकीला बांधलेला पट्टा पकडायला दोन-चार उड्या मारत. त्या वेळी ऑफिसातली झाडून सगळी माणसं अचानक कामात बुडून जात.

ऑफिस वहिनींचंच. लोकांची घरं विकून द्यायचा त्यांचा धंदा, आणि घरं दाखवायचं काम त्यांच्या धाकट्या दिरांचं. वहिनी त्यांना भाऊजी म्हणत, म्हणून कारकूनही भाऊजी म्हणे, आणि घर बघायला आलेली गिऱ्हाइकंसुद्धा दुसऱ्या भेटीत भाऊजी म्हणू लागत. तिसरी भेट सहसा होत नसे.

याला कारण भाऊजींचं तोंड. माणूस मनाने सोन्यासारखा, पण घराचं कुलूप उघडलं की त्यांचं तोंडही उघडे, आणि कुलूप परत लागेपर्यंत मिटत नसे. ही खिडकी, हा वारा, हा कोनाडा, हा कोनाड्यातला वारा. "भाऊजी, गिऱ्हाइकाला घर बघू द्या हो," वहिनी म्हणत. "ते तुम्हालाच बघत बसतात."

टेकडीवरचं घर अशा रीतीने पडून होतं. रस्ता संपतो तिथे शेवटचं, बैठं, चारी बाजूंनी मोकळं. भाऊजींचा त्या घरावर जीव होता, म्हणूनच बहुधा तिथे ते सगळ्यात जास्त बोलत. शेवटी वहिनींनी सांगून टाकलं, "उद्या ऑडिटरसाहेब आणि त्यांच्या मिसेस येतायत. आताही हे घर गेलं नाही तर तुम्ही फोनवर बसा. घरं कारकून दाखवेल. आणि माझी गाडी घेऊन जा, बाईंचे गुडघे दुखतात. कंपनीच्या वर्कशॉपमधून आणा ती, डिकीला मोटार बसवायला सांगितलंय मी."

ऑडिटरसाहेबांचं नाव ऐकून भाऊजींनी कपाळाला हात लावला. निवृत्त होऊन हा गृहस्थ घर शोधायला निघाला तो शोधतोच आहे. प्रत्येक घरात शिरायचं, एक दोष काढायचा आणि बाहेर पडायचं. बाजारात त्यांना नकारघंटा म्हणत.

भाऊजी वर्कशॉपमध्ये गेले, तर तिथे टाय लावलेल्या माणसाने गोड हसून सांगितलं, की डिकीचं सामान अजून यायचंय, गाडी तशीच न्या. भाऊजींच्या मनात मात्र उद्याचं चित्र पक्कं झालं होतं: आपण नुसता पाय हलवतोय, डिकी आपोआप उघडतेय, आणि नकारघंटेचा आ वासलाय. ते चित्र काही केल्या पुसेना. त्यांनी गाडी सरळ आपल्या ओळखीच्या फिटरकडे वळवली.

"होऊन जाईल," फिटर म्हणाला. तो सगळ्यालाच होऊन जाईल म्हणे.

त्याने डिकीच्या आतलं प्लास्टिकचं अस्तर उचकटून काढलं. क्लिपा टणाटण उडाल्या, त्यातल्या काही सापडल्या. दार तोलून धरणारे जुने दांडे काढून तिथे मोटारचे जाड दांडे बसवले, कुलपाच्या जागी दाराला आत खेचून घेणारं नवं कुलूप आलं, छताच्या अस्तराखालून वायरी गेल्या आणि बंपरखाली पाय ओळखणारा सेन्सर चिकटला. मग फिटरने बंपरखाली पाय नाचवला. टूं टूं टूं करत डिकी राजेशाही थाटात वर गेली. पुन्हा पाय नाचवला, तशीच खाली आली आणि शेवटी स्वतःच आवंढा गिळावा तशी गपकन मिटली.

"मध्ये काही आलं तर दाबणार नाही," फिटर म्हणाला. "आपलं आपण परत वर जाईल. फक्त हाताने ओढू नका कधी. आतले दाते तुटले की संपलं. माझी पक्कड बघितली का कुठे?"

भाऊजींनी पक्कड बघितली नव्हती. त्यांना डिकीशिवाय काही दिसतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकल्यावर त्यांनी पाहुण्यांना घेतलं. ऑडिटरसाहेब उंच, वाळकुडे, डोक्यावर टोपी, कोर्टात साक्षीला आल्यासारखे बसलेले. त्यांच्या मिसेस इस्पितळात मेट्रन होत्या. आवाजात अजून अख्खा वॉर्ड होता. घराच्या फाटकावर लोखंडी कमान होती, वेलीने भरलेली. गाडी तिच्याखालून टपाला पानं घासत आत गेली.

"आता गंमत बघा," भाऊजी उतरून म्हणाले आणि बंपरखाली पाय हलवला. काही झालं नाही. त्यांनी जोरात हलवला. मग दुसरा हलवला. मग आलटून पालटून दोन्ही.

"पायात गोळा आला का हो?" मेट्रनबाईंनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता त्यांची पोटरी धरून असा काही पिळा दिला, की भाऊजींचा पाय खरोखरच झटक्यात बंपरखाली गेला. टूं टूं टूं. डिकी उघडली.

"हे कशाला पण?" ऑडिटरसाहेब म्हणाले. "हाताने उघडता आली असती."

भाऊजींनी डिकीतून घडीच्या खुर्च्या आणि चहाचा थर्मास काढला आणि घर दाखवायला सुरुवात केली. ते जितकं बोलत, तितके साहेब गप्प होत गेले. शेवटी न्हाणीघरात त्यांनी पेलाभर पाणी ओतलं, ते वाहताना बघितलं आणि म्हणाले, "उतार उलटा आहे. चला."

संपलं. भाऊजी उतरल्या चेहऱ्याने बाहेर आले. घरातल्या खुर्च्या परत डिकीत ठेवायचं त्यांना सुचलंही नाही. त्यांनी बटण दाबलं. डिकी टूं टूं करत अर्ध्यावर आली, थबकली आणि टूं टूं करत वर गेली. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

"हीसुद्धा तुमच्यासारखीच," मेट्रनबाई नवऱ्याला म्हणाल्या. "अर्ध्यावर येते आणि नाही म्हणते."

"असू दे उघडी, तशीच जाऊ हळूहळू," भाऊजी म्हणाले आणि गाडी मागे घेऊ लागले. ऑडिटरसाहेबांनी मागून हात आडवा केला. कमान आणि उघडी डिकी यांच्याकडे त्यांनी आळीपाळीने बघितलं. "डिकी कमानीच्या वर जातेय. एक तर कमान पाडा, नाही तर डिकी."

भाऊजींनी फिटरला फोन लावला. "हाताने ओढू नका," तो म्हणाला. "हातातलं काम संपवून येतो. होऊन जाईल." टॅक्सीवाल्यांना विचारलं, तर संध्याकाळपर्यंत कोणी मोकळं नाही. मेट्रनबाईंचे गुडघे तो उतार चालून उतरायला तयार नव्हते. म्हणजे थांबणं आलं.

भाऊजी मटकन पायरीवर बसले. वहिनींची गाडी, वहिनींना न सांगता केलेलं काम, गेलेलं गिऱ्हाईक आणि उद्यापासूनचा फोन. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना बोलायला काही सुचेना.

मेट्रनबाई डिकीच्या कडेवर बसल्या. वर उघडं दार छतासारखं, खाली बसायला बरोबर गुडघ्यांना सोसेल एवढी उंची. त्यांनी थर्मासचा चहा ओतला, पाय लांब केले आणि खालच्या गावाकडे बघत राहिल्या. इथून गाव खेळण्यातल्यासारखं दिसत होतं. "वारा आहे नाही का छान," त्या म्हणाल्या. एरवी या वाऱ्यावर भाऊजी बराच वेळ बोलले असते. आज ते नुसतं "हं" म्हणाले.

साहेबांना स्वस्थ बसवत नव्हतं. ते पुन्हा आत गेले. खिडक्या उघडल्याचे, मग बंद केल्याचे, मग पुन्हा उघडल्याचे आवाज आले. नळ सुटला, थांबला. एक खुर्ची फरफटली. मग काहीच आवाज येईना.

बराच वेळ झाला तेव्हा मेट्रनबाई हळूच उठून आत डोकावून आल्या. परत आल्या त्या तोंडावर बोट ठेवून.

"झोपलेत," त्या कुजबुजल्या.

"उठवू का?"

"खबरदार." वॉर्डातला आवाज कुजबुजीतही ओळखू येत होता. "आमचं घर बसडेपोच्या डोक्यावर आहे, भाऊजी. हे रात्री टक्क जागे असतात, दिवसा चिडचिड करतात. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. दिवसाउजेडी डोळा लागलेला मी कित्येक वर्षांत बघितला नाही. आणि आता बघा, घोरतायत."

भाऊजींनी कान दिला. खरंच आतून संथ, समाधानी घोरणं येत होतं. त्यांनी आपला फोन मुका करून टाकला.

आणि तासाभराने चढावर मोटरसायकल फटफटली. फिटर येत होता. मघाशी ज्याची चातकासारखी वाट बघितली, तोच आता नको झाला. भाऊजी दोन्ही हात हलवत, तोंडातून एक शब्द न काढता फाटकाबाहेर धावत सुटले. वळणावर त्यांनी मोटरसायकल अडवली, किल्ली फिरवून बंद केली, आणि मग त्यांना दिसलं की फिटरच्या मागे वहिनी बसल्या आहेत.

झालं होतं असं, की भाऊजी फोन उचलेनात म्हणून वहिनींनी वर्कशॉपला विचारलं. वर्कशॉपवाले म्हणाले, आम्ही डिकीला हात लावलेला नाही. वहिनींना पुढचं सांगावं लागलं नाही. त्या थेट फिटरच्या दुकानात गेल्या आणि त्याच्याच मागे बसून आल्या.

"भाऊजी," वहिनींनी सुरुवात केली.

"हळू," भाऊजी कुजबुजले.

"काय हळू? माझी गाडी..."

"वहिनी, पाया पडतो. नकारघंटा झोपलीय."

वहिनी फाटकातून आत आल्या. समोर त्यांची गाडी आ वासून उभी, अस्तराखालून एक वायर लोंबतेय, आणि डिकीत एक अनोळखी बाई तोंडावर बोट ठेवून बसलेली. वहिनींना रागवायचं तर होतंच. पण कुजबुजत रागावणं भारी अवघड. सगळा जोर नाकातून निघून जातो. "तुम्हाला, मी, कुठे, न्यायला, सांगितली होती," त्या एकेक शब्द चावत म्हणाल्या. "कंपनीत," भाऊजी कुजबुजले. "मग?" "तिथे सामान नव्हतं." "मग?" "मग मला धीर नव्हता."

"बसा हो इथे," मेट्रनबाईंनी वहिनींना शेजारची जागा दाखवली. "चहा घ्या. आवाज नको."

या आवाजाला आजवर कोणी नाही म्हटलेलं नसावं. वहिनी बसल्या. त्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते, पण बाईंनी फिटरचा हत्यारांचा खोका त्यांच्या पायाखाली सरकवला.

फिटर तेवढ्यात डिकीखाली डोकं घालून बघू लागला. बिजागरीत हात घातला, चाचपलं, आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. त्याने हात बाहेर काढला. हातात पक्कड होती. छताच्या अस्तरात राहिली ती दार उघडताना घरंगळून बिजागरीत अडकली होती.

"माझी पक्कड," तो हरवलेलं लेकरू सापडल्यासारखा कुजबुजला. "दोन दुकानांत भांडून आलो हो हिच्यासाठी. आता लावू दार?"

"नको," तिघं एकदम कुजबुजले.

कारण बटण दाबलं की ती टूं टूं करणार. म्हणून ते चौघं तसेच थांबले. मेट्रनबाईंनी उरलेला चहा चार ठिकाणी वाटला. ऊन कलंडलं. कोणी घराबद्दल अवाक्षर काढलं नाही. खिडकीचं एक झडप वाऱ्याने हलत होतं, तेवढाच काय तो आवाज. वहिनींनी घराकडे बघितलं. इतके दिवस हे घर आपल्या यादीत होतं, पण आपण इथे कधी बसलो नव्हतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. "मी समजत होते तसं नाही हे," त्या भाऊजींना हळूच म्हणाल्या. भाऊजींनी नुसती मान हलवली.

बऱ्याच वेळाने ऑडिटरसाहेब दारात आले. केस विस्कटलेले, गालावर खुर्चीच्या पट्ट्यांचे वळ. अंगणात माणसं वाढलेली बघून ते जरा गोंधळले. त्यांचा चेहरा कसा सैल पडला होता, कोणीतरी आतली दोरी सोडल्यासारखा.

"दार झालं का नीट?" त्यांनी विचारलं.

"झालं," फिटर म्हणाला, दोघी डिकीवरून उठल्या आणि त्याने बटण दाबलं. डिकी टूं टूं करत आली आणि आवंढा गिळून मिटली. वहिनी जागेवरच उभ्या होत्या. त्यांना उडी मारावी लागली नाही. त्यांनी पदराने घाम पुसायच्या निमित्ताने तोंड फिरवलं, पण भाऊजींना त्यांचं हसू दिसलंच.

फिटर आपल्या मोटरसायकलकडे गेला, बाकी सगळे गाडीत बसले. साहेब काही बोलत नव्हते, आणि भाऊजीही प्राण गेला तरी विचारणार नव्हते. गाडी कमानीखालून अलगद बाहेर पडली. फाटकाला कुलूप लावायला भाऊजी खाली उतरले, तेवढ्यात मागून मेट्रनबाई म्हणाल्या, "अहो, तुमची टोपी आतच राहिली. खुंटीला आहे बघा."

"मी आणतो," भाऊजी वळले.

"राहू दे," ऑडिटरसाहेब म्हणाले. "तिथेच राहू दे."