अष्टपादशास्त्रींचं बारीक जाळं

एका जंगलात, बाळांनो, विद्वान फार झाले होते. हरणं वाघाला भीत नसत एवढी विद्वानांना भीत.

त्याच जंगलात तानूबाई वानरीण राहत असे. तिचं बाळ दिवस भरण्याआधीच जन्मलं. मुठीएवढं. श्वास घेताना त्याची बरगडी न् बरगडी दिसे. तानूबाईचा जीव टांगणीला लागला. बाळाला घेऊन ती धावत सरकारी गुहेत गेली.

तिथे अष्टपादशास्त्री कोळी बसले होते. त्यांनी काजव्यांना बाळाच्या पाठीमागे उभं केलं आणि छातीतून आरपार उजेड पाडला.

"वा! फुप्फुस म्हणजे झाडच. फांदीला फांदी, तिला आणखी बारीक फांदी, टोकाला हवेच्या पिशव्या. अशा पसाऱ्याच्या गणिताला फ्रॅक्टल भूमिती म्हणतात. तुमच्या बाळाचं झाड अर्धवट आहे. पिशव्या मोजक्या, त्याही बेढब. किती अर्धवट, ते मोजू."

"मोजल्यावर बरं वाटेल का हो त्याला?"

"मला वाटेल."

शास्त्रीबुवांनी छातीवर जाळं विणलं. त्याची घरं मोजली. मग आणखी बारीक जाळं विणलं. पुन्हा मोजली. मग त्याहून बारीक. जाळं जितकं बारीक तितकं उत्तर अचूक, असा शास्त्राचा नियम आहे, आणि नियमाला कसली घाई?

पण बाळ आपलं सारखं श्वास घेई. जाळं हले. मोजणी चुके.

शास्त्रीबुवा भडकले. "बाई, ह्याला जरा श्वास थांबवायला सांगा!"

"अहो, तो थांबू नये म्हणूनच तर आणलंय इथे!"

"भावनेने शास्त्र चालत नाही."

तेवढ्यात बाळाचा श्वास खरंच थांबला. ओठ निळे पडले.

"शाब्बास!" म्हणत शास्त्रीबुवा भराभर मोजू लागले.

दाराशी म्हातारी साळिंदर सुईण बसली होती. ती ओरडली, "अगं, बघतेस काय! माझ्या अंगाला काटे, नाहीतर मीच उचललं असतं. फाड ते जाळं! पाठ चोळ त्याची, छातीशी धर!"

तानूबाईने जाळं टराटरा फाडलं. पाठ चोळली. लेकराला छातीशी घट्ट धरलं. एक क्षण गेला. दुसरा गेला. मग बाळाने एवढंसं तोंड उघडून श्वास घेतला. तानूबाई हमसून हमसून रडली. मलाही रडू आलं, पण ते शास्त्रात बसत नाही.

शास्त्रीबुवांनी अहवाल लिहिला: 'आईच्या अडाणीपणामुळे नमुना जिवंत राहिला. मोजमाप अपूर्ण.' वनराजांनी त्यांना शाल-श्रीफळ दिलं.

तात्पर्य: मोठी माणसं मोजत असताना लहानांनी श्वास घेऊ नये.